चाप

गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान पसरून
आंतोन मेस्त्रीने त्यावर दोन चाप ठेवले,
एक बुधवारावर, एक शनिवारावर.
बुधवारचा बाकदार,
सुरमईच्या गळाचा टोक मोडलेला भाऊ.
शनिवारचा सरळ,
म्हणजे अगदी पट्टीने आखल्यासारखा,
पोरीच्या कंपासपेटीतून पडला म्हटलं तर खपेल.

पिस्तूल बाजूला, फडक्यावर. बत्तीस बोअर,
तळहाताएवढं. पोट रिकामं.
रिकामं आहे हे मेस्त्रीने मला तीनदा दाखवलं,
मग हातात देऊन म्हणाला, आता तू माका दाखव.

वेंगुर्ल्यातल्या या दुकानात एरवी येतात
ठासणीच्या बंदुका, डुकरांसाठी, माकडांसाठी,
निवडणूक लागली की ठाण्यात जमा होणाऱ्या
आणि निकालानंतर गंजून परत येणाऱ्या.
एवढंसं हत्यार घेऊन बाईमाणूस आलं
म्हणून समोरचा सलूनवाला दोनदा डोकावून गेला.

मी काही सांगितलं नाही. मेस्त्रीला ठाऊक होतं:
पगाराचा शुक्रवार, मठच्या घाटीपर्यंत
मागे लागून राहिलेली गाडी,
आणि वळणावर तिचे विझलेले दिवे.
झालं काहीच नाही.
ते काहीच न झालेलं सहा महिने अंगावर येत राहिलं.

"बोट ठेव."

माझं बोट हाच खरा घोळ होता.
नऊ वर्षं काजू फोडले या हाताने,
युनिट माझं होण्याआधी.
टरफलाच्या तेलाने टोकाची कातडी इतक्यांदा गेली
की रेषा परत आल्याच नाहीत.
रेशनचं यंत्र मला ओळखत नाही.
परवान्याच्या कागदावर नुसता काळा ढग उमटला,
कारकून पुसून पुन्हा, पुसून पुन्हा,
शेवटी म्हणाला, जाऊ दे, अंगठा द्या.

त्या बोटाने आधी बाकदार धरून पाहिला.
स्पर्श फारसा कळत नव्हता,
तरी बोट घसरत गेलं आणि खोलगट जागी थांबलं.
दर वेळी तिथेच,
संध्याकाळी म्हैस आपल्या दाव्यापाशी येते तसं.
समोर वाळूची बादली. खट्.
पुन्हा. खट्.
मेस्त्री खूश. "बघ, तो बोटाक वाट दाखयता."

सरळ चापावर जागाच नव्हती.
म्हणजे सगळीच जागा होती.
वर धरला तर जड, खाली सरकलं तर हलका,
मधे कुठेतरी बरा, पण मधे म्हणजे कुठे
ते दर वेळी नव्याने विचारायचं.
कुठे आहेस?
इथे.
नक्की?
थांब.

खट्.

"बाकदार घी," मेस्त्री म्हणाला.
"काळोखात इचारूक येळ गावाचो नाय."
खरं होतं त्याचं.

आईचा शब्द होता, चाप लावायला हवा.
पोरांच्या खर्चाला, वडिलांच्या बाटलीला,
मुख्य म्हणजे माझ्या तोंडाला.
लहानपणी मला वाटायचं, चाप ही थांबवायची वस्तू.
ओढायचीही तीच,
हे कळायला पंचेचाळिशी उजाडली.

मी शनिवारावरचा उचलला. हा बसवा.
त्याने चष्मा कपाळावर सरकवला. "कित्याक?"
म्हटलं, विचारलेलं बरं.

पटलं नसावं. पिना ठोकून काढताना
तो सबंध वेळ स्वतःशी पुटपुटत होता.
मूळचा बाकदार काडेपेटीत घालून परत दिला.
तुझोच तो.

काडेपेटी ऑफिसच्या खणात पडून आहे,
सुतळी, किल्ल्या, नोटा मोजायचा स्पंज यांच्यात.
पेटी केव्हाच फाटली.
गोदामाची किल्ली चाचपताना
पुष्कळदा बोट आपणहून त्या बाकात जाऊन बसतं.
मला लगेच कळतसुद्धा नाही.
कळलं की काढून घेते.