दांडूची भाजी

अंधारातच बोली लागली, अन् यायनं
कोथिंबिरीच्या गड्ड्यासंगं हे बी उचलून आनलं
नागपूरच्या ठोक बाजारातून.
उजाडल्यावर पाह्यलं:
दांडे अळूएवढे, पन शिरा उठलेल्या,
बुढ्याच्या मनगटावानी.
पानं कोथिंबिरीची, पन आडदांड.
वास ओव्याचा.

गिरडच्या बाजारात इनूबाईनं एक दांडी मोडली,
हुंगली, परत ठेवली.
"ढोराले घालाचं व्हय का गा हे?"
मास्तर म्हने, काहीतरी औषधी असंन.
त्यायनं बी घेतलं नाही.
वीसची जुडी दहाले, दहाची पाचले,
मंग मिरच्यायवर फुकट.
तरी सात जुड्या आमच्यासंगं घरी आल्या.

फेकाचं नाही, एवढंच मले माहीत.
एका दांडीचं टोक चावलं.
आंधी पानी,
मंग मीठ, कोनी न टाकलेलं,
मंग मागून हळूच कडू.
दातात दोरा अटकला.
म्हटलं, हे बी अंबाडीच्याच वळनाचं,
सोलल्याबिगर बोलत नाही.

शिरा ओढल्या, बारीक चिरलं,
कांद्यासंगं परतून वरून बेसन भुरकावलं.
यायनं तीन भाकरी खाल्ल्या.
काय व्हय, ते इचारलं नाही.

मंग मले चेव आला.
पानं भज्यात टाकली, ओव्याची डबी उघडलीच नाही.
तुरीच्या वरनात दांडे सोडले, शेवग्यावानी.
मामाजी चोखत बसले, चोखत बसले,
मंग म्हने, "हे चोखाचं नाही वं सूनबाई, गिळाचं हाये."
ताकात टाकलं ते बिघडलं. बकरीनं पेलं.
उरलेली पानं सुपात, सावलीत वाळवली,
खड्याच्या मिठासंगं पाट्यावर वाटली:
हिरवट भुकटी, चिमूटभर.
शेजारची पोरं बोरायले लावून खाऊन गेली
अन् संध्याकाळी कागद घेऊन परत आली.

बुधवारी आचलचा फोन.
ते पुन्याले, मोठ्या हाटेलात,
भाजी चिराच्या टेबलावर.
मोबाइल मी पिठाच्या डब्याले टेकवला होता.
"आई, बाजूले सरक. मागं काय हाये ते?
ते जुडी दाखव बरं."
दाखवली.
तिचं तोंड उघडंच थांबलं. नेट अटकलं होतं.
मंग आवाज आला आंधी, तोंड मागून:
"सेलरी व्हय ते, आई! दोन पेट्या चिरतो मी रोज.
साबनानं बी जात नाही बोटायचा वास."
म्हटलं, "मंग पानायचं काय करता?"
"फेकतेत. दांडेच लागते त्यायले."

पानं फेकतेत.

बाजंखाली शेगडी होती तवा,
शेगडीत मूठभर ओवा,
अन् खोलीभर धूर.
महिनाभर तिच्या कानामागं
हाच वास होता, जरा कमी, जरा दुधाचा.
मी काही बोलली नाही.
"डबा घे एखांदा," म्हटलं, "पानं वाळवून ठेवजो.
जेवनात मीठ कमी पडलं त कामी येते."
ते हो म्हने. मागून कोनीतरी तिले हाक मारली,
दुसऱ्याच नावानं.

बुडखे सात होते. रंगाच्या डब्यात,
न्हानीच्या पान्यावर ठेवले.
पाच सडले.
एक फुटलं, ते बकरीले ताकाची आठवन आली म्हनून गेलं.
एकावर मी टोपलं झाकलं.
रोज उचलून पाह्यतो:
बोटभर, पिवळसर, मंदात एक पान
मूठ मिटल्यावानी.

पुढच्या बाजारी इनूबाई आली.
मिरच्या चाळवल्या, घेतल्या नाही.
भाव इचारला लसनाचा, सांभाराचा,
अन् वळता वळता, इकडंतिकडं पाहून:
"ते मागल्या खेपेचं... ढोराचं...
हाये का गा एखांदी जुडी?"