बाटलीत चार बोटं

केळुसकरांच्या सुनेने जाताना बाटली माझ्या पिशवीत घातली.
"तुम्हीच वापरा मावशी, बाळाच्या मानेवर पुरळ उठलं त्यानं."
एक नारळ, ब्लाउजपीस, चाळीस दिवसांचे पैसे,
आणि ही. पांढरी, वर निळा ससा,
आत चार बोटं उरलेलं.

म्हणजे जे बाळाला सोसलं नाही
ते मला चालेल.
रागाने नाही म्हणत, हिशेब मांडतेय.

देवबागेत एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी,
मध्ये आम्ही आणि आमच्या विहिरी.
मे लागला की पाणी मचूळ,
साबण फेसाळत नाही, नासलेल्या दुधासारखा फुटतो,
घंगाळाच्या काठाला पांढरी कड धरते.
एकतीस वर्षं मी ह्या पाण्यात हात घालून आहे.
तेल, मसुराचं पीठ, कढत पाणी, पुन्हा तेल.
बोटांच्या पेरांना चिरा पडल्यात,
त्यांवर चोळायला मीठ बाहेरून आणावं लागत नाही.

इजाबेल म्हणाली, "लावू नको गो ता.
डोळ्यांक झोंबणा नाय म्हंजे
डोळे बधिर करूचा कायतरी घातलेला असतला."
रात्रभर तेच डोक्यात.
एवढ्या पोरांच्या डोळ्यांवरून मी माझ्या हातांनी
फेस ओघळू दिलाय,
रडलं नाही म्हणून आयांनी माझं कौतुक केलंय.

सकाळच्या एसटीने मालवण. बाटली मांडीवर.
औषधाच्या दुकानात म्हापणकरांची रुचिता.
हिलाही मीच न्हाऊ घातलंय, अगदी सुरुवातीच्या पोरांतली,
टाळू भरायला फार दिवस घेतले होते हिने.
तिने भिंग धरलं. मागची अक्षरं मुंगीच्या पायांएवढी.

"पहिलं पाणी. सगळ्यात जास्त तेच.
मग हे खोबऱ्यापासून काढलेलं, फेसासाठी.
सौम्य असतं म्हणून झोंबत नाही,
बधिर-बिधिर काही नसतं, मावशी.
ग्लिसरीन. हे लिंबात असतं ते आंबट.
हे आत बुरशी धरू नये म्हणून.
आणि शेवटी सुगंध."
"कसला सुगंध?"
"तेवढंच लिहितात."

तेवढंच.
एका शब्दात किती जणी दाटीवाटीने बसल्यात कोण जाणे,
नाव एकीचंही नाही.
माझंही घरोघर तसंच: 'न्हाऊ घालणारी आली.'

"मोठ्यांना चालतं," रुचिता म्हणाली, "बहुतेकांना.
पण तुमचे हात असे फुटलेले, तुम्ही बिनवासाचं घ्या.
हे बघा, उघड्या डबीचं चित्र, त्यात बारा.
उघडल्यापासून बारा महिने.
आणि आधी कोपरात लावा, दोन दिवस थांबा."

कोपर बुडवून पाणी पारखणारी मी,
मला ही कोपर शिकवते.
शिकवू दे. लावलं, थांबले, काही उठलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मोरीत बसले.
पाय आपसूक पुढे पसरले, जुळले.
नडग्यांवर पालथं घालायला कुणी नव्हतं.
त्या मचूळ पाण्यातही फेस आला, मऊ,
वास सुरंगीचा नव्हे, ओवळाचा नव्हे,
आमच्या गावात न उगवणाऱ्या कशाचा तरी.
हातांना लावलं नाहीच. पोटऱ्यांना लावलं, मानेला,
बाळाच्या मानेवर जिथे उठलं होतं तिथे जरा दबकत.
पाठीला हात पोचेल तेवढंच.
मधली वीतभर जागा कोरडी राहिली,
तिला किती वर्षांत कुणी न्हाऊ घातलं नाही
हे त्या दिवशी मोजायला बसले नाही.

आता अडीच बोटं आहे.
चष्मा त्याने लख्ख निघतो.
हातांसाठी बिनवासाचं एकशे ऐंशीचं आहे,
पुढच्या चाळिसाव्या दिवशी बघू.

उद्या सातला तांडेलांकडे जायचंय. जुळी आहेत.
पैसे एकाचेच म्हणतायत.