दोष नाही, सोय

बारा वर्षांत पट्ट्याने माझ्या मानेवर
एक रेघ आखून ठेवली आहे.
उन्हाळ्यात ती लाल होते, श्रावणात पुसट.
तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती नाकाची.

मी डाव्या डोळ्याने बघते.
सावद्याच्या शाळेत डावा हात पाटीवर चालला
की बाई पट्टी मारायच्या.
हात सुधारला.
डोळ्याला पट्टी मारायचं कुणाला सुचलं नाही.
ज्याने हा कॅमेरा घडवला
त्याच्या घरी सगळे उजव्या डोळ्याचे असणार,
कारण डावा डोळा खिडकीला लावला
की माझं नाक मागच्या काचेला टेकतं,
काचेला वाटतं बोट आलं,
आणि फोकस निघतो फिरायला.
नवरीच्या नथीवरून उठतो,
भटजींच्या कानावर बसतो,
तिथून मांडवाच्या खांबाला.

गिरधर म्हणतो, ताई, काचेचा स्पर्श बंद करून टाका ना.
करते की.
सेटिंगच्या आत सेटिंग, तिच्या आत तिसरी,
फैजपूरच्या जुन्या बोळांसारखी;
ज्या तोंडाने शिरलात त्या तोंडाने बाहेर पडाल असं नाही.
बंद करते.
चकती एक घर सरकली की स्पर्श पुन्हा चालू,
आणि चकती बॅगेतल्या बॅगेतच सरकते,
कुणी न विचारता.

कंपनीला फोन लावला.
पंधरा मिनिटं सनई वाजली,
मग एक गोड आवाजाचा पोरगा म्हणाला,
मॅडम, तो दोष नाही, सोय आहे.

सोय.
मे महिन्यात रावेरला पंचेचाळीस अंशांत
वरात उभी होती, घोडा उभा होता,
बँडवाले तापलेलं पितळ ओठांना लावून उभे होते,
हा एकटा बसला.
लाल तापमापी दाखवली आणि डोळे मिटले.
रसवंतीवाल्याच्या बर्फाशेजारी
ओल्या रुमालात गुंडाळून ठेवला त्याला.
एक म्हातारी विचारून गेली, लेकरू आहे का आत?

त्याच लग्नातला तो फोटो.
माळ घालतानाचा, आणि त्या क्षणाचा एकच.
नवरा-नवरी दोघंही ताकासारखे पुसट,
मागे मांडवाला बांधलेली केळ मात्र
अशी स्वच्छ की पानाची शीर न् शीर मोजावी.
अल्बम पोचवला, तेव्हा
नवरीचे वडील, तोताराम आप्पा बऱ्हाटे,
चष्मा कपाळावर सारून
त्याच पानावर थांबले.
मी मनातल्या मनात पैसे कमी करत गेले,
पाचशे, हजार, दोन हजार.
आप्पा म्हणाले,
हे खोड कोनाच्या बागीतलं आहे व बाई?
करपा आहे याच्यावर.
जावयाला हाक मारली. तोही वाकला.
हो मामा, ठिपके पडलेत.
दोघं पानाच्या कडेकडेने बोट फिरवत राहिले.
नवरी मागून म्हणाली,
आणि मी कुठंय?

पाचशेच कापले.

भुसावळच्या दुकानात दुसऱ्या कंपनीचा
हातात घेऊन पाहिला. हलका, थंड डोक्याचा.
नाकाला भरपूर जागा.
पण अंगठा सवयीने जिथं गेला
तिथं काहीच नव्हतं,
आणि बटण दाबलं तर आवाजच नाही,
कुणीतरी मान डोलावल्यासारखं.
दुकानदार म्हणाला, घ्या, हप्ते करून देतो.
मी म्हटलं, बघते.

आता मी मान तिरकी करते,
नाक गालाकडे वळवून, श्वास धरून,
आणि फोकस मांडवात कुठं कुठं जाऊन येतो
ते आधी बघते.
जेवणाच्या पंगतीत कुणीतरी म्हणतंच,
बाई काय मन लावून फोटो काढते!

मन नाही हो.
नाक.