चोवीस तास उघडू नये

ट्रकच्या बंकमागे, ब्लँकेटं कोंबते त्या फटीला
टेप लावून पाहिली: चोवीस इंच, वर एक बोट.
गिटार बसणार नाही. फिडल बसेल,
पण पार्किंगमधले झोपलेले ड्रायव्हर
फिडल ऐकून भांडायला उठतात.
राहिलं मँडोलिन, तेही प्रवासी,
पोट नसलेलं, चपटं,
सहा पानी कॅटलॉगच्या चौथ्या पानावर
काडेपेटीएवढ्या फोटोत.

फॉर्मवर रकाने होते.
रंग: मधाचा की तंबाखूचा?
तंबाखू लिहिलं. सोडून चार वर्षं झाली, तेवढीच आठवण.
डावखुरे आहात का?
लिहिलं, जेवते डाव्याने, गिअर टाकते उजव्याने,
तुम्हीच ठरवा.
मग पत्ता.
पत्त्याला पाच ओळी. पाच!
माझ्याकडे धड एक नव्हती.
गिमलीतलं घर आर्नीच्या नावावर, तेही भाड्याने दिलेलं,
आणि आर्नी विनिपेगला, गोदामात, दिवसपाळीला,
पाठ गेली त्याची.
अकरा वर्षं एकच ट्रक हाकला आम्ही, आलटून पालटून.
तो जागा तेव्हा मी बंकवर, मी जागी तेव्हा तो.
संसार म्हणाल तर एवढाच,
की एकमेकांनी सोडलेल्या उबेत झोपलो.

शेवटी लिहिलं: आइलाची खानावळ,
इग्नेसच्या अलीकडे, डिझेल पंपाच्या मागे,
सिगरूनसाठी, ठेवून घेणे.
तीन ओळींत भागलं.
पदरमोड म्हणतात ती केली;
पदर नव्हता, जाकिटाचा आतला खिसा होता.

सहा आठवडे दर गुरुवारी
आइला दुरूनच मान हलवायची
आणि न विचारता वाटाण्याचं सूप वाढायची.
सातव्या गुरुवारी सूप नाही, खोकं आलं.
बाहेर उणे एकतीस.
खोक्यावर पेन्सिलीने, शाळकरी अक्षरात:
'थंडीतून आलंय. आत घेतल्यावर चोवीस तास उघडू नये.
घाई केलीत तर रोगण तडकेल
आणि ते मला इथवर ऐकू येईल.
झिंक, ल्यूनेनबर्ग.'
आइला चाकू घेऊन उभी होती. तिने तो मुकाट्याने
पावाच्या पाटावर ठेवून दिला.

मला कुठले चोवीस तास! सहाला थंडर बे गाठायचं,
तिथून रातोरात सू सेंट मरी.
खोकं शेजारच्या सीटवर ठेवलं, पट्टा लावला,
हीटर त्याच्याकडे वळवला,
मग घाबरून परत फिरवला.
एका वळणावर हात आपोआप आडवा गेला,
आर्नी बंकवर न जाता तिथेच पेंगायचा
तेव्हा जायचा तसा.
रात्रभर उजवीकडे सुपीरियर,
म्हणजे असणारच, काळोखात काय दिसतंय.
खोक्याशी बोलले नाही मी. एवढी काही गेलेली नाही.
एकदाच म्हटलं, ते बघ, मूस.
आणि मूस खरंच होता.

माल उतरवायच्या रांगेत, दुपारी,
वीस मिनिटं आधीच पट्टी फाडली.
काही तडकलं नाही.
ल्यूनेनबर्गला काही ऐकू गेलं नसावं.
तारा आठ, सैल, जोडीजोडीने,
आणि तारांत खोचलेली आणखी एक चिठ्ठी:
जोडीतल्या दोन्ही एका सुरात लावा.
अगदी एका कधीच लागत नाहीत.
तक्रार पाठवू नये, तो आवाज तसाच असतो.

तास गेला खुंट्या पिळण्यात. बोटांवर ओरखडे.
मला येतं दीड गाणं;
त्यातलं अर्धं आधी वाजवलं.
मागचा ड्रायव्हर काच खाली करून ऐकतोय असं वाटलं,
तर तो हॉर्न द्यायला थांबला होता. रांग पुढे गेलेली.

घाईने फटीत सारायला गेले,
तर पिशवीसकट पंचवीस इंच भरलं.
पिशवी मी मोजलीच नव्हती.
बरं, राहू दे सीटवर.
पट्टा आहेच.