कडी

टेंडरमध्ये धक्क्याच्या वाट्याला एकच ओळ:
जुने दगडकाम काढून टाकणे, बावीस घनमीटर.

मी टेप धरून उभा.
तिसऱ्या पायरीवर उखा वाडिले,
तळहातावर तंबाखू, मळायची राहून गेलेली.
म्हणाला, तेवढी कडी ऱ्हाऊ द्या भो,
खाते काय ती तुमचं?

लोखंडी कडी. दोर घासून घासून
आतून अर्धी झालेली.
तिला नाव बांधून उतरल्या कपाशीच्या गाठी,
मिरचीची पोती, शिंकणारे हमाल,
यात्रेचे घोडे, डोळ्यांवर फडकी बांधलेले,
आणि एक बाळंतीण,
जी मधल्या धारेतच मोकळी झाली.
पोराचं नाव पडलं तापीराम.
तो आता पुलावर टोल फाडतो.

पूल झाला त्या साली
उखाच्या बापानं नाव पालथी घातली,
तिच्याखाली कोंबड्या पोसल्या.
मग बॅरेज. पाणी चढलं ते उतरलंच नाही.
डांगराच्या वाड्या गेल्या.
खालच्या पायऱ्या गेल्या,
माझ्या नकाशात त्या तुटक रेघेनं आहेत.

आता पेव्हर ब्लॉक, स्टीलचं रेलिंग,
सात वाजता जांभळं होणारं कारंजं.
कडी मी ठेवली. बिलात कुठेच नाही ती.
रंगाऱ्यानं विचारलं नाही, सोनेरी फासली;
पोरं तिच्यात पाय घालून फोटो काढतात.

उखा तिच्याकडे बघत नाही.
पाण्याकडे तोंड करून बसतो,
बोटं हलत असतात.
परवा म्हणाला, खाली सहा आहेत.

मी पाच धरल्या होत्या.