आधी पडायला शिका

शनिवारी पाचला, बाहेर तीनपासूनच काळोख,
इसाल्मीच्या रिंकवर पहिला धडा पडण्याचा.
मार्केत्ता शिट्टी फुंकते, म्हणते,
"चला, सगळे पडा."
पाच वर्षांची पिह्ला
शिट्टीच्या आधीच पडलेली असते.

मुलांना पडायला अंतरच कितीसं.
ढुंगणाची आणि जमिनीची अजून रोजची ओळख.
मोठी माणसं पडण्याआधी विचार करतात:
गुडघा, कंबर, सोमवारची ड्यूटी,
घराच्या कर्जाचे राहिलेले हप्ते,
कोण बघतंय.
एवढं सगळं सोबत घेऊन पडायचं
म्हणजे आवाज मोठा होणारच.

मी काचेमागून बघतो.
बावीस वर्षं इथे बर्फाची गाडी चालवतोय.
वर्ग संपला की फाटक उघडायचं,
पातं टेकवायचं, वरचा थर खरवडून घ्यायचा,
मागे ओल्या फडक्याने पाणी पसरत जायचं. गरम पाणी.
लोकांना खरं वाटत नाही,
पण बर्फाची जखम गरम पाण्यानेच भरते.

पुसण्याआधी मी वाचतो.
या दोन खोल, सरळ रेघा होदानच्या.
इस्पितळात नर्स आहे, रात्रपाळीआधी येते,
रुमालावर हेल्मेट, हेल्मेटवर मुलाने चिकटवलेला बेडूक.
ही कठड्याला धरून गेलेली, मध्येच तुटलेली,
दातांच्या डॉक्टरची, ओइवा हेइस्कानेनची.
अख्ख्या गावाला "काही होत नाही" म्हणणारा माणूस
इथे कठडा सोडत नाही.
ही टिंबं पिह्लाची. ती घसरत नाही, चालते,
रागावल्यासारखी.
आणि हा पुसट गोल डाग
कुणाचा ते कळत नाही.
कोणीतरी बराच वेळ बसलं होतं,
उठायचं कसं ते आठवत.

एकदा पिह्लाने काचेवर टकटक केलं.
"तुला येतं का?"
"मला बर्फ येतो," मी म्हणालो.
"ते नाही विचारलं."

शाळेत माझ्याकडे वडिलांचे स्केट होते,
तीन नंबर मोठे, पुढे वर्तमानपत्र कोंबलेले.
म्हणून माझं पोट दुखायचं, दर बुधवारी.
ती पोटदुखी पुढे
पंचेचाळीस वर्षं पुरली.
या गावात कुणी विचारतही नाही,
जसं पोळी खाता येते का म्हणून
कुणी कुणाला विचारत नाही.

पुढच्या शनिवारी मी भाड्याचे चव्वेचाळीस नंबर बांधले.
मार्केत्ता काही बोलली नाही,
फक्त एक नारिंगी शंकू
हातभर जवळ सरकवला.
डॉक्टरने कठड्यावर
माझ्यासाठी थोडी जागा केली.

बावीस वर्षांत पहिल्यांदा
मी बर्फ गालाएवढ्या उंचीवरून पाहिला.
कडक होता. काम चोख केलं होतं मी.
"एक गुडघा," पिह्ला वरून म्हणाली,
"मग दुसरा. मग हात गुडघ्यावर.
घाई नाही, आम्ही थांबतो."
आणि खरंच थांबले सगळे,
होदान, डॉक्टर, सात मुलं,
प्लास्टिकच्या सीलवर रेललेला कुणाचा तरी धाकटा भाऊ.

"हात पुढे," मार्केत्ता म्हणाली,
"स्टिअरिंग धरल्यासारखे."
एवढं मात्र मला येत होतं.
मी हवेतलं स्टिअरिंग धरलं
आणि गेलो.
दीड मीटर असेल. दोन नाही.

वर्ग संपल्यावर गाडी काढली.
माझीही रेघ होती तिथे, डावीकडे कललेली,
शेवटी एक धबका.
पुसली. सातला हॉकीची पोरं येतात,
त्यांना काच लागते.

गाडी लावून खाली उतरलो,
नेहमीसारखा रबरी बूट बर्फावर टेकवला
तर गुडघे
आपसूक वाकले.