नऊ नंबर

इनारीच्या पलीकडचं तळं. मार्चमध्ये
सूर्य आता पूर्ण पाळी करतो.
आम्ही त्याच्या आधी हजर.
एन्सिओ गाडीत, मी पत्र्याच्या खोलीत:
हीटर, थर्मास,
आणि भिंतीशी रचलेले काळे टायर,
खडूने नंबर घातलेले,
कंपनीचं नाव चिकटपट्टीखाली झाकलेलं.

पहिल्या दिवशी त्याने काही समजावलं नाही.
हातमोजा काढला, पंजा बर्फावर टेकवला,
म्हणाला, 'एवढंच.'
दीड टन लोखंड, इंजिन, ब्रेक,
मागच्या सीटवर झोपलेलं कुणाचं तरी पोर,
सगळं अशा चार तळहातांवर.
पंजा उचलला तेव्हा
बर्फावर पाच बोटांची ओल होती.
बघता बघता गोठली.

वळणावर टायर तिरका चालतो.
तोंड एकीकडे, वाट दुसरीकडे,
दोन-तीन अंशांचा फरक.
तेवढं घसरल्याशिवाय त्याला धरताच येत नाही.
हे ऐकून मी चिडले होते.
धरायचं म्हणजे घसरायचं?
'रबर आहे, व्हिएनो,' तो म्हणाला, 'खिळा नाही.'

आणि सुटण्याआधी तो सांगतो.
स्टिअरिंग हलकं होतं,
जसं बोलता बोलता समोरचा माणूस
नुसतं 'हं, हं' करायला लागतो.
अजून बसलेला असतो,
पण चपला शोधतोय.
तो हलकेपणा ओळखायचा
एन्सिओला एकतीस वर्षं पगार मिळतोय.

रेडिओवर दहापैकी गुण येतात.
'सहा. हाक मारली तरी नाक वळत नाही.'
'साडेसात. पण मागचं बिऱ्हाड
पुढे यायला बघतंय.'
मी वहीत उतरवते. शेजारी यंत्राचे आकडे,
दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत,
आणि बहुतेक वेळा
यंत्र त्याच्याच मागून येतं.

जानेवारीत गाडीच्या कप्प्यात
हवेचं मीटर शोधताना
रोव्हानिएमीच्या इस्पितळाचं पत्र हाती लागलं.
बोटांच्या नसा. डावा हात.
वाचायला नको होतं.
वाचलं.

म्हणून आज, जेवणानंतर,
नऊ नंबरच्या संचावरचा नऊ मी बाहीने पुसला
आणि चौदा लिहिला.
सकाळी त्याने नऊला सात दिले होते.
चोराच्या मनात चांदणं,
आणि इथे तर भर दुपार.

तीन फेऱ्या. मग खरखर, मग आवाज:
'साडेपाच.'

पेन तसंच धरून बसले.
पोटात काहीतरी सरळच गेलं,
वळलं नाही.
सातचे साडेपाच.
आता हे कुणाला, कसं सांगायचं?

पुन्हा खरखर.
'हा सकाळचाच नऊ ना?
टायर तोच आहे. तळं बदललंय.'

बर्फात खोचलेला थर्मामीटर पाहिला.
सकाळी उणे सोळा, आता उणे चार.
त्या वळणावर दोन तास ऊन बसून होतं,
बर्फाच्या कातडीला घाम सुटलेला,
डोळ्यांना न दिसणारा.

तो आत आला, बूट झटकले,
कप उजव्या हातात घेतला.
'डावा दोन हिवाळे झाले, काही कळवत नाही,'
असं म्हणाला, जसं परगावच्या भावाबद्दल बोलावं.
'कमरेने ऐकतो आता.
आणि तू नऊ दर तासाला चालवायला लाव.
सांगून लाव.
टायर बदलला, की बर्फ, की मी,
एकट्या आकड्याला कळत नाही.'

मी चौदा पुसला. ओल्या रबरावर
खडू उमटेना, तीनदा गिरवला नऊ.
वहीतले साडेपाच तसेच ठेवले,
पुढे तापमान लिहिलं.

संध्याकाळी तो घरी निघाला.
खिडकीतून पाहिलं:
मोठ्या रस्त्याच्या फाट्यावर, रस्ता रिकामा,
लागतं त्यापेक्षा बरंच आधी
त्याचे लाल दिवे लागले.

ते मी कुठे लिहिलं नाही.